दुसऱ्या गिअरचा ताप

मातीवरच्या ऑटोक्रॉसमध्ये छोटी गाडी तापली की लोक वेगाला दोष देतात. खरं तर वेग असता तर ती तापलीच नसती. कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घ्या. तिथे सरळ पट्ट्यावर गाडी ताशी शंभरच्या पुढे जाते, समोरच्या जाळीतून वारा आत घुसतो आणि रेडिएटर आपलं काम करतो. पुण्या-नाशिकाकडच्या माळावर टायर मांडून आखलेल्या ट्रॅकवर मात्र गाडी जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असते. ॲक्सिलरेटर तळाला, इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांवर आणि वेग जेमतेम पन्नास-साठ. उष्णता पूर्ण, वारा अर्धाही नाही, वर मुरमाचा फुफाटा. म्हणून या कृतीत पाण्यापेक्षा हवेची काळजी जास्त आहे.

उदाहरणाला मारुतीची जुनी पेट्रोल झेन घेतली आहे, १९९३ ते २००६ या काळात विकली गेलेली. नवशिक्यांच्या हाती हीच गाडी पुष्कळदा येते. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे. वजनाला हलकं, फिरायला हौशी, पण तापलं की हेड वाकायला वेळ लागत नाही. मारुती ८००, एस्टीम, अल्टो, जुनी स्विफ्ट यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू आहे.

उष्णता किती, हे आधी कळलेलं बरं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला थंडाव्याच्या यंत्रणेच्या गळ्यात पडतो. झेनचं इंजिन पन्नासेक अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण ३७ किलोवॅटचं. पूर्ण ताकदीवर चालताना जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. घरातले ३ किलोवॅटचे बारा गिझर एकदम चालू करा, तेवढी. आणि हे सगळं चारेक लिटर पाण्याच्या आणि ट्रेएवढ्या जाळीच्या भरवशावर.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी: पाणी

इंजिन थंड असताना जुनं पाणी काढा. ते बादलीतच घ्या, जमिनीवर सोडू नका. कूलंट चवीला गोड असतं, गॅरेजमधली कुत्री ते चाटतात आणि मरतात.

काढलेलं पाणी तांबूस असेल तर आत गंज आहे. पांढरट कण दिसले तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं आहे. आपल्याकडे हा दुसरा प्रकार जास्त. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आतून थर धरतात आणि मग बाहेरून चकचकीत दिसणारा रेडिएटर आतून अर्धा बंद असतो. साधं पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा.

नळ्या खरंच मोकळ्या आहेत का, ते असं बघा. इंजिन पूर्ण तापवा, बंद करा, पंख्याचा प्लग काढा आणि रेडिएटरवरून तापमान मोजणारी बंदूक हळूहळू फिरवा. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तापमान सावकाश उतरत जायला हवं. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बंदूक कारखान्यात वापरतात तशी घ्या. करोनाच्या दिवसांत घरोघर आली ती कपाळाला लावायची बंदूक इथे निरुपयोगी. ती चाळिशीच्या थोडं वर जाऊन थांबते. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून, नळ्यांत सळई घालून तो साफ करून देतो. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमचा असेल तर खटपट करू नका, नवा घ्या.

भरताना पाणी डिस्टिल्ड. बॅटरीचं म्हणून पंपावर मिळतं तेच. कूलंट घेताना डब्यावरचं नीट वाचा, कारण काही डबे नुसत्या अर्काचे असतात आणि काहींत पाणी आधीच मिसळलेलं असतं. निम्मं-निम्मं हे प्रमाण बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी ठीक. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे आपल्या हवेत आणि या कामाला तीस टक्के कूलंट मला पुरेसं वाटतं. त्यातलं गंजरोधक मात्र हवंच. नुसतं पाणी घालून ॲल्युमिनियमचं इंजिन चालवणं म्हणजे आज वाचवून पुढच्या वर्षी पंप बदलणं. डांबरी ट्रॅकवर उतरणार असाल तर आधी नियम बघा; सांडलेल्या ग्लायकॉलवर गाड्या घसरतात म्हणून काही ठिकाणी ते चालत नाही.

भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि सावकाश ओता. वरचा होज मधूनमधून दाबा. बुडबुडे यायचे थांबले की मग झाकण. आत अडकलेली हवा नेमकी हेडमध्ये, सगळ्यात गरम जागी जाऊन बसते.

झाकण आणि थर्मोस्टॅट

रेडिएटरचं झाकण हा गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारचं झाकण नीट बसलं असेल तर तेच पाणी ११८पर्यंत दम धरतं. रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली की हे वीस अंश गेले. बहुतेक छोट्या गाड्यांचा पंखा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान लागतो. म्हणजे झाकण गेलेल्या गाडीत पंखा फिरायला लागेपर्यंत हेडच्या कोपऱ्यात पाणी उकळायलाही लागलेलं असतं. नवं झाकण काहीशे रुपयांना मिळतं. मोसमाच्या सुरुवातीला डोळे मिटून बदला. जास्त दाबाचं ‘रेसिंग’ झाकण मात्र जुन्या रेडिएटरवर लावू नका. दाब कुठेतरी वाट काढणारच, आणि ती वाट प्लास्टिक टाकीच्या सांध्यातून नाहीतर हीटरच्या नळीतून, तुमच्या पायावर निघते.

आता थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हटलं की निम्मे मिस्त्री तो उपटून फेकतात. मला हा उपाय मान्य नाही. थंड इंजिन झिजतं, पेट्रोल जास्त पितं, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो तिथे तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत गोल फिरतं. म्हणजे गाडी थंड व्हायची ती आणखी तापते. काढण्याऐवजी तपासा. दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास तो उघडायला लागावा आणि पाणी उकळेपर्यंत चांगला उघडलेला दिसावा. अडखळला तर नवा घ्या, त्याच आकड्याचा. हे पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका, हे घरातली माणसं सांगतीलच.

पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर यांना फिरवणारा पट्टा एकच असतो. तो ताणलेला आणि कोरडा हवा, कारण दुसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांवर सैल पट्टा घसरतो आणि आवाजात ते ऐकूही येत नाही. खालचा होज दाबून बघा. पंप तो ओढत असतो, म्हणून मऊ पडलेला होज वरच्या फेऱ्यांवर चिपाडासारखा मिटतो आणि गाडी उभी केली की पुन्हा शहाण्यासारखा गोल.

आठ दिवस आधी: हवा

इथे वेळ घालवा. पैसे फारसे लागत नाहीत.

बोनेट उघडून रेडिएटरच्या चारी बाजूंना बघा. हात जाईल एवढ्या फटी दिसतील. जाळीतून आलेली हवा आळशी असते. मोकळी फट दिसली की रेडिएटरच्या दाट पंखांतून कशाला जाईल? बाजूने, वरून, खालून निघून जाते. या फटी जाड फोमने, दाराच्या रबर बीडिंगने किंवा बाजारात सनपॅक म्हणतात त्या पोकळ प्लास्टिक शीटने बंद करा. जाळीपासून रेडिएटरपर्यंत एक बोगदा झाला पाहिजे. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण फुटलेलं असेल तर तेही सांधा, कारण ते नसलं की पंखा रेडिएटरभर हवा ओढत नाही, फक्त आपल्या पात्यांसमोरची ओढतो.

मग समोरची अडगळ. वर्गाचे नियम परवानगी देत असतील तर एसीचा कंडेन्सर काढा. रेडिएटरच्या पुढ्यातली ती दुसरी जाळी बराच वारा खाते. गॅस मात्र एसीवाल्याकडून रीतसर काढून घ्या. फॉगलाइट, नंबर प्लेटचा मोठा पाट, प्रायोजकाचं नाव लिहिलेलं बॅनर, जे काही हवेच्या वाटेत आहे ते हलवा. दगडांपासून बचावाला जाळी हवीच, पण डासांची बारीक जाळी बसवलीत तर दोन रनमध्ये ती धुळीने लिंपून जाईल. अर्ध्या इंचाच्या भोकांची घ्या.

बोनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची फॅशन आहे. गाडी उभी असताना त्या फटीतून गरम हवा वर निघते, तेवढा फायदा खरा. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तीच फट हवा उलटी आत ढकलू शकते. ऑटोक्रॉसच्या वेगाला नुकसान थोडं, फायदाही थोडा. स्क्रुटिनीवाले हरकत घेत नसतील तर ठेवा, त्यावर विसंबू नका.

पंखा तपासायला वर्तमानपत्राचं पान पुरेसं. गाडी उभी, पंखा चालू, पान समोरच्या जाळीवर धरा. ते चिकटून राहिलं पाहिजे. उडून आलं तर मोटर बदलताना कुणीतरी तारा उलट्या जोडल्या आहेत आणि पंखा वाऱ्याशीच भांडतो आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. पान चिकटलं पण लगेच गळून पडलं तर ब्रश झिजलेत, किंवा जुन्या तारांतून पुरेसा करंट पोचत नाही.

पंख्याला डॅशबोर्डवर वेगळं बटण द्या. बॅटरीवरून थेट जाड तार, बॅटरीजवळच फ्यूज, मध्ये ३० अँपिअरचा रिले, आणि रिलेला हुकूम देणारं साधं बटण. मूळचा तापमानाचा स्विच जागेवर राहू द्या; हे त्याच्या जोडीला. इग्निशन बंद असतानाही पंखा चालला पाहिजे, कारण खरी गरज तेव्हाच असते. ते का, ते पुढे.

काटा

कंपनीचा काटा चालकाला घाबरवायचा नाही अशाच बेताने बनवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत ऐंशीपासून शंभराच्या पुढेपर्यंत तो मध्यावरून हलत नाही, आणि हलला की उशीर झालेला असतो. अंश दाखवणारं वेगळं मीटर बसवा. त्याचा सेन्सर हेडच्या जवळ हवा, निदान वरच्या होजमध्ये तरी. एक खोड लक्षात ठेवा: पाणी निघून गेलं आणि सेन्सर नुसत्या वाफेत किंवा हवेत राहिला तर मीटर कमी तापमान दाखवतं. भर रनमध्ये आकडा अचानक खाली आला तर आनंद मानू नका, गाडी थांबवा.

इंजिनाची बाजू

थोडक्यात. टायमिंग मागे पडलेलं असेल तर उष्णता वाढते. सायलेन्सर मोकळा केला आणि कार्ब्युरेटरचे जेट तसेच ठेवले तर मिश्रण पातळ होतं, आणि तेही तापतं. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मिश्रण आणखी पातळ पडतं; मेन जेट एक माप मोठा लावून प्लगचा रंग बघा. पांढरा फटक प्लग म्हणजे तक्रार. ऑइल वरच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही. ऑइलची गळती आधी बंद करा, कारण ऑइल आणि धूळ मिळून रेडिएटरवर जो लेप बसतो तो पाण्याने निघत नाही.

मैदानावर

गाडी नाक वाऱ्याकडे करून उभी करा, दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरमागे नाही. बोनेट उघडं. जवळ ठेवायच्या वस्तू: वीस लिटर साधं पाणी, थोडं तयार मिश्रण, होज आणि क्लिपा, जादा झाकण, जाड गोणपाट, हवा मारायचा ब्लोअर आणि शेतातला फवारणीचा पंप. पंप नवा घ्या, औषधाचा जुना नको.

प्रत्येक रननंतर रेडिएटरवर ब्लोअर मारा, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाईल. आधी पाणी मारलंत तर मुरमाचा चिखल होऊन पंखांत घट्ट बसेल. हवा मारून झाली की मग गरज वाटली तर बारीक फवारा, पंखा चालू ठेवून, फक्त रेडिएटरवर. फवाऱ्याचं पाणी उडून जाताना उष्णता भराभर घेऊन जातं. तापलेल्या ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टवर ते पडू देऊ नका. आणि रांगेत जाण्यापूर्वी रेडिएटर कोरडा होऊ द्या, नाहीतर पहिल्याच वळणाला ओल्या पंखांवर धूळ लिंपली जाईल.

गाडी बहुतेकदा ट्रॅकवर मरत नाही, रांगेत मरते. उन्हात, पुढे आठ गाड्या, इंजिन चालू, वारा शून्य. इंजिन बंद ठेवा, बटणाने पंखा लावा, पुढे दोन गाड्या उरल्या की स्टार्ट करा. फार थंड इंजिनानेही सुटू नका. ऐंशीच्या घरात आलं की निघा.

रन संपल्यावर चावी लगेच फिरवू नका. इंजिन थांबलं की पंप थांबतो, पण हेडमधली उष्णता थांबत नाही. हलत नसलेल्या पाण्यात ती उतरते आणि बंद गाडीचा आकडा दहा-पंधरा अंशांनी वर जाऊ शकतो. सावकाश पॅडॉकपर्यंत या, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, मग बंद करा आणि पंखा तसाच चालू ठेवा. बॅटरीकडे लक्ष असू द्या. एकाच गाडीवर दोघं उतरत असतील, म्हणजे डबल एन्ट्री असेल, तर ही विश्रांती सगळ्यात आधी कापली जाते आणि गॅस्केट नेमकं अशाच गाड्यांचं उडतं. आयोजकांना सांगून दोघांच्या नंबरांत अंतर मागून घ्या.

दर रनचा सुटतानाचा आकडा आणि सगळ्यात वरचा आकडा खडूने काचेच्या कोपऱ्यात लिहा. त्यावरून आजार ओळखता येतो. फक्त उभी असताना तापते, पळताना उतरते, तर पंखा किंवा त्याच्या तारा. वेगात तापते, उभी केली की उतरते, तर नळ्या बंद, पट्टा सैल किंवा खालचा होज मिटतोय. रनागणिक वरचा आकडा दोन-तीन अंशांनी चढत जातो, तर बहुधा धूळ. ब्लोअर मारून पुन्हा बघा, उतरला नाही तर गॅस्केटचा संशय. सुरुवात थंड आणि मग एका मिनिटात एकदम उसळी, तर हवा अडकली आहे किंवा गॅस्केट गेलंय.

आकडा चढलाच तर

१०५ दिसले की ॲक्सिलरेटर सोडा, वरचा गिअर टाका आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण. हीटर म्हणजे डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटरच आहे. वजन कमी करायला तो काढून टाकणाऱ्यांनी हे ऐकावं. हीटरमधून गरम झोत आला तर पाणी फिरतंय, वेळ आहे. गार हवा आली आणि आकडा वरच असेल तर पाणी संपलंय. तिथेच, सुरक्षित जागी, मार्शलला हात करून इंजिन बंद करा. ११० झाले तरी बंद. राहिलेली दोन वळणं पुरी करायचा मोह हेडच्या फेसिंगच्या बिलात मोजला जातो, कारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा बाक आला तरी गॅस्केट धरत नाही.

झाकणाला हात लावू नका. अर्धा तास तरी जाऊ द्या. वरचा होज गोणपाटातून दाबून बघा. टणक लागला तर आत दाब आहे. मऊ पडला की झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज संपू द्या, मग काढा. पाणी ओतायचं ते आयडलवर चाललेल्या इंजिनात, थोडं थोडं, कोमट असेल तर उत्तम. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर तडा जातो.

पाणी भरल्यावर उघड्या तोंडातून बघा. इंजिन चालू असताना बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी गाडी टेम्पोवर चढवा, चालवत घरी नेऊ नका.

यातलं काही नसलं तर घरी आल्यावर रेडिएटर मागून पुढे, नळाच्या साध्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर नको, त्याने पंख आडवे पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून पातळी बघा. काठोकाठ असेल तर ठीक. कमी झाली असेल तर क्लिपा, पंपाखालची गळ आणि हीटरखालचा गालिचा कोरडा आहे का, या क्रमाने तपासा, आणि सगळंच कोरडं सापडलं तर गाडी पाणी आतल्या आत खातेय असं धरून हेड गॅस्केट तपासायला द्या.